छताची मागची कडा

वर्ना गाडी घेऊन मैदानात शिरली ती छत उघडं टाकूनच. ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर टोपी नव्हती, तरी तिनं छत उघडंच ठेवलं, कारण रूडीच्या डोळ्यांत ते खुपणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा क्लेम जाऊन सहा महिने झाले होते. त्याची जांभळी मॅस्टिफ तिनं काल दिवसभर धुतली-पुसली होती, पण अकरा उन्हाळे रस्त्यावर काढलेला रंग साबणानं परत येत नसतो. बॉनेट पांढुरकं पडलं होतं, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली होती आणि मीटरवर एकसष्ट हजार मैल होते.

मॅस्टिफ क्लबचा वर्षातला हा मोठा दिवस. नदीकाठच्या मैदानात सत्तर-ऐंशी गाड्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि प्रत्येकीमागे घडीच्या खुर्चीत एकेक म्हातारा. एका कडेला पोलिश चर्चच्या बायका सॉसेज भाजत होत्या. मॅस्टिफ म्हणजे आठ सिलिंडरची, दोन दारांची, पाण्यासारखं पेट्रोल पिणारी आणि चालू केली की चार घरांतली कुत्री भुंकायला लावणारी गाडी. ती जिथं बनायची तो कारखाना इथून चार मैलांवर. अकरा वर्षांपूर्वी त्याला कुलूप लागलं. क्लबातले निम्मे लोक त्या कारखान्यातूनच घरी बसलेले. ज्या हातांनी गाड्या जोडल्या त्याच हातांनी आता त्या फडक्यानं पुसायच्या, एवढंच काम त्यांना उरलं होतं. त्या कामात ते असे काही कडक झाले होते, की सासूनं सुनेच्या भाकरीला ठेवावीत तशी ते एकमेकांच्या स्क्रूला नावं ठेवत.

आणि या सगळ्यांत कडक रूडी विटकोव्स्की. क्लेमचा थोरला भाऊ, वय एकाहत्तर, क्लबचा मुख्य परीक्षक. हातांत पांढरे सुती हातमोजे, गळ्यात बॅटरी, खिशात दांडीला लावलेला आरसा. वर्नाची गाडी फाटकातून येताना दिसली तसा तो हातातली कॉफी तिथंच ठेवून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"काय गं केंटकी? ही आंघोळीची टाकी इथं कुठं आणलीस?"

वर्नाचा बाप केंटकीच्या खाणीतून कामासाठी इकडे आला होता. तिचा जन्म इथला, शाळा इथली, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली, तरी विटकोव्स्कींच्या घरात ती शेवटपर्यंत केंटकीचीच राहिली.

"बाजूला हो रूडी. ही क्लेमची गाडी आहे. पहिल्या जागेवर लावायचीय."

"पहिली जागा? कशासाठी?"

"कशासाठी ते तुला माहितीय."

त्याला माहीत होतंच. क्लबाची एक रीत होती. वर्षभरात जो सभासद गेला असेल त्याची गाडी ओळीत पहिली लावायची. दुपारी बाराला सगळ्यांनी एकदम इंजिनं चालू करायची. मग क्लबाचा चिटणीस ऑगी प्रुसाक भोंगा वाजवतो, सगळी इंजिनं बंद होतात, आणि गेलेल्याचं इंजिन तेवढं एकटं चालत राहतं. एक मिनिट. कोणी बोलत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही. क्लेम असली मिनिटं ऐकून आला की रात्री जेवताना गप्प असायचा. ही रीत त्यानं आणि रूडीनंच काढली होती, क्लब नवा होता तेव्हा.

"ते सभासदाला असतं," रूडी म्हणाला. "क्लेम सभासद नव्हता. अकरा वर्षं झाली."

"तू काढलंस त्याला."

"तो आपण होऊन गेला. आणि तसाही, क्लबाच्या पहिल्या जागेवर मी असली गाडी लावू देणार नाही. बघ तिच्याकडे! छत कापलेली गाडी म्हणजे कणा काढलेलं जनावर. खाली शंभर किलो लोखंडाच्या पट्ट्या ठोकल्यात, तेव्हा कुठं ती मधून वाकत नाही. शाळेच्या मिरवणुकीत निवडलेल्या राणीला बसवून हात हलवायला लावायची ती गाडी. मॅस्टिफ नाही ही."

"तुझी मॅस्टिफ आहे? ट्रकच्या पोटातून येते, चौघं ढकलून उतरवतात. एकोणीस मैल चाललीय अकरा वर्षांत. त्यापेक्षा जास्त तर माझी गवत कापायची मशीन चालते."

सॉसेजच्या रांगेतला कोणीतरी फिसकन हसला. रूडीचा चेहरा लाल झाला.

"तिकडे लाव," त्यानं नदीकडच्या गवताकडे बोट केलं. "पाहुण्यांच्या गाड्यांत. आणि आडवी आलीस तर ओढून बाहेर नेईन."

वर्नानं गाडी पाहुण्यांत लावली. एका कुटुंबाच्या धुळकट व्हॅनच्या शेजारी. भांडायचं हे ती घरून ठरवूनच आली होती, पण क्लेमचं मिनिटसुद्धा हा माणूस देणार नाही असं तिला वाटलं नव्हतं. एवढं तरी देईल अशी तिची समजूत होती.

या भांडणाचं मूळ सांगायलाच हवं. कारखाना बंद होणार असं ठरलं तेव्हा कामगारांना शेवटच्या गाड्यांमधली एकेक मागवायची मुभा मिळाली. दोघा भावांनी लहानपणापासून घोकलेलं होतं, की एक दिवस दोघांच्या दोन कोऱ्या मॅस्टिफ, एकाच रंगाच्या, लागोपाठच्या नंबरांच्या, बापाच्या गॅरेजमध्ये शेजारी शेजारी. दोन्ही कूपे. म्हणजे वर पत्र्याचं छत असलेल्या, बंद. कन्व्हर्टिबलचं, म्हणजे उघड्या छताच्या गाडीचं, नावही कोणी काढलेलं नव्हतं. अर्ज दोघांनी एकाच दिवशी भरले. पुढे क्लेमनं आपला अर्ज गुपचूप बदलला.

रूडीला हे कळलं ते गाड्या जोडायच्या लाइनवर. तो इंजिन बसवायच्या जागी कामाला होता, क्लेम त्याच्या आधी, छताचं अस्तर बसवायच्या जागी. आधी त्याची स्वतःची बंद मॅस्टिफ आली. त्यानं तिच्यात आपल्या हातानं इंजिन बसवलं, तिच्या बंपरचा मुका घेतला. तिच्या मागोमाग भावाच्या नावाची चिठ्ठी लावलेली गाडी आली, तर तिला वर काहीच नाही. पन्नास माणसं बघत होती. कोणीतरी ओरडलं, "रूडी, तुझ्या भावाचं छप्पर उडालं रे!" आणि अख्खी लाइन हसली. सव्वीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात रूडीला लोक हसले, ते तो विसरला नाही.

त्या रात्री त्यानं क्लेमच्या दारात उभं राहून तोंड सोडलं. उघड्या मॅस्टिफ कमी बनल्या, त्या रंगाच्या तर एकतीसच, पुढे किंमत जास्त येणार म्हणून भावाला दगा दिलास, म्हणाला. क्लेम काही बोलला नाही. मग रूडीची नजर वर्नाकडे वळली आणि त्याला दुसरं कारण सापडलं. "हिनंच लावलं तुला. हिला केसांत वारा पाहिजे." तेच त्यानं पुढे अकरा वर्षं धरून ठेवलं. पोलिश हॉलमध्ये, चर्चच्या पायरीवर, नातेवाइकांच्या लग्नात. केंटकीच्या बाईला केसांत वारा पाहिजे होता, म्हणून विटकोव्स्कींचं घर फुटलं. नाताळच्या आदल्या रात्री रूडीच्या घरी जेवणाला वर्षानुवर्षं वर्नाचं ताट असायचं. ते त्या वर्षीपासून मांडणं बंद झालं. क्लेमचं मात्र मांडत, आणि तो जात नसे.

वर्नानं नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, की तू अर्ज का बदललास? "आवडली म्हणून," एवढंच क्लेम म्हणाला. पण दर वर्षी पानं गळायला लागली, क्लबातले लोक गाड्या झाकून ठेवायला लागले, की तो न चुकता ऑगीला फोन करून विचारायचा, "काय रे, रूडीनं या वर्षी गाडी रस्त्यावर काढली का?" काढली नाही असं कळलं की हसायचा. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्यानं हसला. पुढे पुढे नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायला लागला. वर्नाला त्यात काही कळलं नव्हतं.

मग फेब्रुवारीत क्लेमच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात नाकाला नळी लावलेला तो, चौथ्या मजल्यावर, खिडकीबाहेर बर्फ. मरायच्या सहा दिवस आधी त्यानं तिचा हात धरला.

"रूडीला फोन कर. म्हणावं, तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बस आणि छताच्या अस्तराची मागची कडा खाली ओढ. वर पत्र्यावर मी लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

"त्याच्यासाठी आहे ते. आजच कर."

ती बाहेर आली, कॉफीच्या मशीनपाशी उभी राहिली, फोन हातात घेतला. आणि केला नाही.

आता यात काही वाईट हेतू होता का? होता. गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. क्लेमनं काय लिहिलं असणार याचा तिनं मनाशी हिशेब केला होता: माफी. दुसरं काय असणार? ज्या माणसानं तिला अकरा वर्षं गावभर वाईट ठरवलं त्याच्यापुढे तिचा नवरा, श्वास पुरत नसताना, नाक घासणार होता. आणि तो रूडी इथं येणार, पलंगाच्या उशाशी बसणार, आणि तिला कॉफी आणायला पाठवणार. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि आत जाऊन सांगितलं, "केला. बघतो म्हणाला."

"बघतो म्हणाला?"

"हो."

क्लेमनं मान हलवली. त्यानंतर दर वेळी दार वाजलं की तो तिकडे बघायचा. सहा दिवस. रूडीला भाऊ आजारी असल्याचंसुद्धा कळलं नाही. ऑगीनं सांगितलं तेव्हा क्लेम गेलेला होता. दफनाला रूडी आला, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, शवपेटीला खांदा द्यायला बोलावलं तर उठला नाही, आणि जेवणाआधी निघून गेला. ते बघून वर्नाला वाटलं, बरं झालं नाही सांगितलं. सहा महिने ती हेच मनात घोळवत होती. कधी कधी पहाटे ते पुरायचं नाही, तेव्हा ती उठून भांडी घासायची.

अकरा वाजले. भोंग्यावर ऑगीनं 'जशीच्या तशी' वर्गाचं नाव पुकारलं. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राहिलेली गाडी, एकही स्क्रू न हललेली, असा तो वर्ग, आणि दहा वर्षं लागोपाठ तो चषक रूडीचा. (स्वतःच्या गाडीला गुण द्यायचे नाहीत म्हणून त्या एका वर्गापुरता तो हातमोजे काढून ठेवी.) तिघं परीक्षक त्याच्या मॅस्टिफभोवती वाकले. तिच्या सीटांवर अजून कारखान्याचं प्लास्टिक होतं. पायाशी कागद अंथरलेला, काचेवर पहिल्या दिवसाची चिकटपट्टी. रंग असा, की त्यात समोरच्या माणसाचे दात दिसावेत. रूडी बाजूला पोट पुढे काढून उभा होता आणि कोणा पाहुण्याला सांगत होता, "डोक्यावर छत आहे ना, ती गाडी. बाकी सगळ्या खेळण्यातल्या."

वर्ना गर्दीतून वाट काढत सरळ त्याच्यासमोर गेली.

"तुझ्या छतात काहीतरी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"क्लेमनं लिहून ठेवलंय. तुझ्या या गाडीत. अस्तराच्या वर, पत्र्यावर. त्याचंच काम होतं ना अस्तर बसवायचं. मागच्या सीटवर बस, मागची कडा खाली ओढ आणि वाच."

परीक्षक वाकलेले सरळ झाले. ऑगी भोंगा खाली घेऊन पुढे आला. रूडी हसला.

"वा गं वा! मस्त युक्ती काढलीस. अस्तर ओढलं की क्लिपा तुटल्या. क्लिपा तुटल्या की गाडी वर्गातून बाद. नवऱ्याला मिनिट मिळत नाही म्हणून माझी गाडी मोडायला निघालीस?"

"मोड नाहीतर ठेव. मी निरोप दिला."

"काय लिहिलंय?"

"मला माहीत नाही."

"खोटारडी. तुम्ही लोक—"

"आम्ही लोक काय? बोल ना. आज सगळे ऐकतायत."

"रूडी, सोड रे," ऑगी मध्ये पडला. "बाई दुःखात आहे. वर्ना, चल, सॉसेज खा, इथं उन्हात नको उभी राहू."

"मी दुःखात नाही," वर्ना म्हणाली. "मी संतापलेय. यानं मला अकरा वर्षं गावात तोंड वर काढू दिलं नाही. याच्या भावाची शवपेटी शेजाऱ्यांनी उचलली. आणि आज याला त्याचं एक मिनिट जड झालंय. एकोणीस मैलांची गाडी! अरे, तुझ्या भावाचे शब्द डोक्यावर घेऊन बसलायस तू अकरा वर्षं, आणि तुला क्लिपांची काळजी."

"मला साधा फोन नाही केलास," रूडी एकदम ओरडला. त्याचा आवाज फाटला. "तो मरत होता आणि मला फोन नाही केलास. ऑगीकडून कळलं मला. दुकानात, दूध घेताना!"

"अकरा वर्षं तुझा फोन तुटला होता काय?"

वर्ना पाठ फिरवून निघाली. तिला छान वाटत होतं, हे लपवू नये. तिनं काटा टोचला होता आणि तो आता निघणार नव्हता. छत उघडलं तर चषक गेला, नाही उघडलं तर त्या छताचा तोरा मिरवायची सोय गेली. कसंही करून तीच जिंकली, असं तिला आपल्या गाडीपर्यंत चालत जाताना वाटलं. ती उघड्या गाडीत बसली. सीट तापून चटका देत होती.

रूडी गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. परीक्षकांनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं हातानं थांबा म्हटलं. बाराला वीस मिनिटं असतील, तेव्हा त्यानं बूट काढले, पुढची सीट वाकवली आणि तो मागच्या सीटवर शिरला. अकरा वर्षांत त्या सीटवर कोणी बसलेलं नव्हतं. प्लास्टिकचा कर्रकर्र आवाज पाहुण्यांच्या ओळीपर्यंत ऐकू आला. गप्पा थांबल्या. सॉसेज उलटणाऱ्या बायकासुद्धा चिमटे धरून बघायला लागल्या.

वर्ना नकळत उठून उभी राहिली होती. मागच्या काचेतून त्याचे दोन्ही हात वर जाताना दिसले. आता कडाकडा तुटणार, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. पण तुटलं काहीच नाही. कोपऱ्यातली एक क्लिप टक् करून निघाली आणि अस्तराची अख्खी मागची कडा आपोआप, अलगद, त्याच्या डोक्यावर उतरली. मधल्या क्लिपा तिथं नव्हत्याच.

दहा वर्षं चषक घेतलेली ती 'जशीच्या तशी' गाडी पहिल्या दिवसापासून अपुरी होती, आणि क्लबातल्या एकाही आरशाला ते दिसलं नव्हतं.

रूडीनं गळ्यातली बॅटरी लावली. तो वर बघत राहिला. बराच वेळ. एवढं काय लिहिलंय, असं वर्नाला झालं. माफीला इतका वेळ लागत नाही.

मग आतून त्याचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हता. "वर्ना. इकडे ये. वाच."

ती गेली. चप्पल काढायचं तिच्या लक्षात आलं नाही. कागदावर तिच्या चपलेचा हिरवा, गवताचा ठसा उमटला आणि कोणी तिला हटकलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली, मान मागे टाकली. वर करड्या पत्र्यावर, लाइनवर खुणा करायच्या लाल मेणखडूनं, क्लेमचं ते डावीकडे कलणारं अक्षर होतं.

'रूडी, हे वाचतोयस म्हणजे गाडी चालवलीस. शाब्बास. मधल्या दोन क्लिपा मी लावल्या नाहीत. रस्त्यावर चार महिने हादरे बसले की ही कडा आपोआप खाली येईल. अजून तासाभरात माझी गाडी तुझ्यापुढे येईल आणि तू पेटशील. ऐक. सव्वीस वर्षं मी हात वर करून लोकांच्या डोक्यावर छतं बसवली. रात्री खांदे उशीवर ठेवता येत नाहीत. मला एक गाडी अशी पाहिजे होती, जिला छत नाही. बस. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास, म्हणून नाही सांगितलं. तू वर्नाला दोष देशील, तुला ओळखतो मी. तिला यातलं काही माहीत नाही. तिला बोलू नकोस. पहिल्या उन्हाळ्यातच हे वाचशील असं धरून चालतो. वाचलंस की ये. माझी चालव, मी शेजारी बसतो. क्लेम.'

वर्नानं ते दोनदा वाचलं. 'ये' या शब्दापाशी तिची नजर अडकली. यात माफी नव्हती. कोणी कोणापुढे नाक घासलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं तो रात्री खांद्याला मलम लावून घ्यायचा, तिच्याच हातून, आणि तिला कधी सुचलं नव्हतं की तेच कारण असेल. आणि तिची बाजू लिहून ठेवलेली होती, भांडण व्हायच्या आधीच, या माणसाच्या डोक्यापासून एक वीत उंचीवर.

"पहिल्या उन्हाळ्यात," रूडी म्हणाला. त्याच्या मांडीवर अस्तराची कडा लोंबत होती. "मी ट्रकमध्ये घालून आणायचो. हादरा बसू नये म्हणून ट्रकच्या टायरमधली हवा कमी ठेवायचो."

त्यानं तिच्याकडे मान वळवली.

"तुला हे कधी सांगितलं त्यानं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. शेवटच्या रात्री म्हणाला, तेव्हा वेळच नव्हता, असं सांगता आलं असतं. रूडीनं मानलंही असतं. तिनं तोंड उघडलं, आणि वरचं लाल अक्षर दिसत होतं तोवर तिला ते जमलं नाही.

"जायच्या सहा दिवस आधी."

"सहा दिवस." त्यानं ते बोटांवर मोजले. "मी वीस मिनिटांवर राहतो."

"माहितीय."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

"सांगितलं, की फोन केला. बघतो म्हणाला."

"मी? मी 'बघतो' म्हणालो?"

"हो."

"मग त्यानं विचारलं का? मी आलो का म्हणून?"

"रोज," वर्ना म्हणाली.

रूडीनं बॅटरी बंद केली. आता हा मारणार, असं तिला वाटलं, आणि मारलं असतं तर तिला चाललं असतं. तो गाडीतून बाहेर पडला. बूट घातले नाहीत, दार लावलं नाही. परीक्षकांपैकी एकानं दबक्या आवाजात विचारलं, "रूडी, वर्गाचं काय करायचं?" त्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो ऑगीसमोर जाऊन उभा राहिला.

"क्लेमचं नाव लिही. आज बाराला."

"पण तूच तर म्हणालास—"

"लिही म्हटलं ना."

मग तो वळला आणि वर्नापुढे हात पसरला. "चावी."

ती कूपेच्या दाराला धरून उभी होती. तिनं खिशातून चावी काढून दिली. जे घ्यायला ती घरून आली होती ते हेच होतं, आणि ते मिळालं होतं. पण मिनिटाच्या वेळी गाडीत ती बसणार होती. पायाखाली क्लेमचा क्लच, हातात त्याचं स्टिअरिंग, असं तिनं महिनाभर ठरवलेलं होतं.

रूडीनं उघडी मॅस्टिफ पाहुण्यांच्या ओळीतून बाहेर काढली. मोज्यांतल्या पायांनीच. पहिल्या जागेवर आणून लावली. बाराला ऐंशी इंजिनं एकदम गरजली, जमीन हादरली, नदीवरचे पक्षी उडाले. ऑगीनं भोंगा वाजवला. एकेक करत सगळी बंद झाली आणि क्लेमचं तेवढं उरलं, एकसष्ट हजार मैलांनी जरा घोगरं झालेलं, मध्येच अडखळणारं. वर्नानं ते रोज सकाळी स्वयंपाकघरातून ऐकलेलं होतं. कुत्री कुठंतरी भुंकत होती.

मिनिट संपलं. ऑगीनं हात वर केला. रूडीनं इंजिन बंद केलं नाही. त्यानं शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, तिच्यावर पडलेलं धूळ पुसायचं फडकं उचलून मागे टाकलं, गिअर टाकला आणि गाडी फाटकाकडे वळवली. लोक बाजूला झाले. ती वर्नाच्या अगदी जवळून गेली, हात लावता यावा इतक्या जवळून. रूडी रडत होता आणि ते झाकत नव्हता.

त्यानं गाडी थांबवली नाही, आणि तिला चल म्हटलं नाही.